ग्लायडर आणि बिनभरवशाचा वारा

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अनेक वर्षं चालवलेलं. त्या भागात राहणाऱ्या अनेकांनी ग्लायडर, म्हणजे लांब पंखांचं, बिनइंजिनाचं पांढरं विमान, आवाज न करता घिरट्या घालताना पाहिलेलं असतं. पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच येतो: इंजिन नाही, तर हे वर राहतं कशावर? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘वाऱ्यावर’. त्यातून पुढचे दोन गैरसमज तयार होतात. वारा पडला की ग्लायडर पडणार, हा पहिला. वारा जितका जास्त तितकं उडणं सोपं, हा दुसरा.

दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. वारा म्हटलं की आपण फक्त तो किती जोरात आहे एवढंच बघतो. ग्लायडर उडवणारा माणूस त्याआधी दुसरी गोष्ट बघतो: तो किती सारखा आहे. ताशी ३० किलोमीटरचा एकसारखा वारा निभावता येतो. पाच-दहा सेकंदांत १० वरून ३० वर जाणारा, मध्येच बाजू बदलणारा वारा मात्र अनुभवी वैमानिकालाही थांबवतो. हे असं का, ते उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवसाच्या क्रमाने समजून घेऊ. त्याआधी थोडा पाया.

## इंजिनाशिवाय पुढे ढकलतं कोण?

गुरुत्वाकर्षण. ग्लायडर सतत किंचित उतारावरून घसरत असतं, आणि तो उतार हवेतला असतो. नाक थोडं खाली ठेवलं की वजनच त्याला पुढे नेतं, पुढे गेलं की पंखांवरून हवा वाहते, आणि हवा वाहिली की पंख ते वजन उचलून धरतात. यासाठी बाहेर वारा असण्याची काहीही गरज नाही. पूर्ण शांत हवेत ग्लायडर उत्तम उडतं. किंबहुना शिकाऊ विद्यार्थ्यासाठी तीच हवा सगळ्यात चांगली.

आता उतार किती? जगभरच्या क्लबांमध्ये शिकवण्यासाठी वापरलं जाणारं एएसके-२१ हे दोन आसनांचं जर्मन ग्लायडर घेऊ. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत १७ मीटर. ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने उडताना ते १ मीटर खाली येईपर्यंत ३४ मीटर पुढे जातं. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर उंची खर्च होते. आजूबाजूची हवाच जर सेकंदाला दोन मीटरने वर चढत असेल, तर ग्लायडर त्या हवेत खाली घसरत असूनही जमिनीपासून सव्वा मीटरने वर जात राहतं. तासन्‌तास उडण्याचं सगळं रहस्य एवढंच आहे.

इथे दोन शब्द समजून घ्यायला हवेत, कारण ते पुढे सारखे लागणार आहेत. पहिला ‘हवेतला वेग’: ग्लायडर भोवतालच्या हवेच्या तुलनेत किती वेगाने जातंय तो वेग. वैमानिकासमोरचं वेगमापक यंत्र तोच दाखवतं, जमिनीवरचा नाही. दुसरा ‘स्टॉल’: हवेतला वेग फार कमी झाला, किंवा नाक फार वर ओढलं, की पंखांवरून गुळगुळीत वाहणारी हवा सुटते, उचल एकदम घटते आणि विमान खाली कोसळू लागतं. एएसके-२१ मध्ये दोघं बसलेले असताना हे साधारण ताशी ७० किलोमीटरच्या आसपास घडतं. ग्लायडिंगचा आद्य पुरुष म्हणावा असा जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्टॉलमुळेच पडला. तापलेल्या हवेच्या झोताने त्याच्या ग्लायडरचं नाक वर उचललं गेलं, वेग संपला, आणि तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. उंची भरपूर असेल तर स्टॉलमधून सहज सावरता येतं. नाक खाली घ्यायचं, वेग परत मिळतो. जमिनीजवळ तेवढी जागाच नसते.

## वारा वाहतो म्हणजे ग्लायडरला काय होतं?

डेक्कन क्वीनमध्ये बसलात आणि डब्यातून पुढे चहा आणायला निघालात, तर गाडी ताशी ८० ने धावत असली तरी तुमचं चालणं नेहमीसारखंच राहतं. मागे वळून परत यायला निघालात तरी तसंच. फलाटावर उभ्या माणसाला मात्र तुमचा वेग दोन्ही वेळा वेगळा दिसेल. ग्लायडरच्या दृष्टीने वारा म्हणजे ही गाडी. हवेचा अख्खा थर सरकत असतो आणि ग्लायडर त्या थराच्या आत उडत असतं. आतमध्ये वारा जाणवतच नाही. तो जाणवतो फक्त खाली जमिनीकडे पाहिल्यावर.

पण गाडीने अचानक ब्रेक मारला तर? तुम्ही तोल जाऊन पुढे फेकले जाता, कारण गाडी थांबली पण तुमचं शरीर लगेच थांबलं नाही. वाऱ्याचा झोत येतो किंवा अचानक पडतो तेव्हा ग्लायडरचं नेमकं असंच होतं. हवा एका क्षणात वेग बदलते. पाचशे-सहाशे किलो वजनाचं विमान तो तितक्या चटकन बदलू शकत नाही. त्या मधल्या काही सेकंदांत हवेतला वेग वाढतो किंवा घटतो. घटून स्टॉलच्या रेषेखाली गेला, तर अडचण.

स्थिर वाऱ्याचाही परिणाम होतोच, पण तो फक्त पोचण्याच्या हिशेबावर. ३०० मीटर उंचीवरून, शांत हवेत, ताशी ९० ने निघालेलं ग्लायडर जवळपास १० किलोमीटर जाईल. समोरून ३० चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो ६०, आणि अंतर येतं पावणेसात किलोमीटरवर. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर ते साडेतेरा किलोमीटर होतं. हा फरक मोठा आहे, पण आधीच कळणारा आहे.

खरा धक्का पुढे आहे. समोरून ३० चा वारा आहेच, आणि वर तुम्ही अशा पट्ट्यात शिरलात जिथे हवा सेकंदाला दोन मीटरने खाली जातेय. आता तीच ३०० मीटर उंची पावणेदोन-दोन मिनिटांत संपते आणि अंतर मिळतं १८०० मीटर. दहा किलोमीटरवरून पावणेदोनवर. विमान तेच, वैमानिक तोच. फक्त हवा वेगळी. म्हणून ‘३०० मीटर उंची आहे, निवांत पोचू’ असं अनुभवी माणूस म्हणत नाही.

अशा पट्ट्यात सापडल्यावर काय करायचं, याचं उत्तर नवख्याला पटत नाही. नाक आणखी खाली घालायचं आणि वेग वाढवायचा. उंची घटत असताना मुद्दाम आणखी उंची खर्च करायची, हे मनाला रुचत नाही. पण वाईट हवेत जितका कमी वेळ घालवू तितकं एकूण नुकसान कमी. हळू उडून उंची ‘वाचवायला’ जाणारा तिथेच जास्त वेळ अडकतो.

## उन्हाळ्याच्या दिवशी वारा लहरी का होतो?

एप्रिल-मे महिन्यातली दख्खनच्या पठारावरची सकाळ बहुतेक शांत असते. रात्रभरात जमीन थंड झालेली, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड, त्यामुळे ती जागची हलत नाही. वरच्या थरात वारा असला तरी तो खालच्या या थराला ढवळत नाही.

दहा-अकरा वाजता चित्र बदलतं. ऊन सगळीकडे सारखंच पडतं, पण जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं कोरडं काळं रान, खडकाळ माळ, पत्र्याची छपरं, डांबर हे चटकन तापतं. उसाचा फड, पाण्याचं तळं, झाडी थंड राहते. तापलेल्या तुकड्यावरची हवा गरम आणि हलकी होते, काही वेळ तिथेच साठते, मग सुटून वर जाते. वर जाणाऱ्या या हवेला वैमानिक थर्मल म्हणतात. ती दिसत नाही, पण तिची चिन्हं दिसतात. माळावर उठणारी वावटळ हे त्याचंच बूड. एकाच जागी गोल फिरत पंख न हलवता चढणारी घार हे दुसरं चिन्ह, आणि ग्लायडर उडवणारे खरोखर घारीच्या मागे जातात. थर्मलचा मध्य शोधण्यात तिचा हात धरणारं यंत्र अजून कॉकपिटमध्ये आलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. माणसाकडे असतं व्हेरिओमीटर, म्हणजे आपण सेकंदाला किती मीटर चढतोय किंवा उतरतोय हे सांगणारं यंत्र. ते चढताना चिरकत राहतं आणि उतरताना खर्जात जातं.

पण थर्मल एकटं येत नाही. जितकी हवा वर गेली तितकी कुठून तरी खाली यावीच लागते. त्यामुळे थर्मलच्या भोवती उतरत्या हवेचे पट्टे असतात, मघाशी हिशेब केला तसे. आणि जमिनीलगत, वर गेलेल्या हवेची जागा भरायला चारही बाजूंनी हवा धावते. धावपट्टीच्या एका टोकाजवळून थर्मल सुटलं की त्या टोकाचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, एका बाजूला आणि दुसऱ्या टोकाचा भलत्याच बाजूला, असं भर दुपारी दिसू शकतं. दोन्ही खरं सांगत असतात.

त्यात थर्मल वरच्या जोराच्या वाऱ्याला खाली ओढून आणतात. सकाळी जो वेग वरच्या थरात अडकून होता तो दुपारी झोतांच्या रूपाने जमिनीवर पोचतो. म्हणून दुपारचा वारा जास्तही असतो आणि तुटकही.

मग समुद्राकडून येणारा वारा. पुणेकरांना उन्हाळ्यातली ती संध्याकाळची पश्चिमेची झुळूक चांगली ठाऊक आहे. सह्याद्री ओलांडून आलेली ती कोकणपट्टीची थंड, दमट हवा. घराच्या गच्चीवर ती हवीहवीशी वाटते. ग्लायडरसाठी मात्र तिचं आगमन म्हणजे वाऱ्याची दिशा आणि वेग थोड्याच वेळात बदलणं, आणि थंड हवा खाली शिरल्यावर थर्मल विझणं. तिच्या पुढच्या कडेवर, जिथे थंड हवा गरम हवेला उचलते, तिथे कधी कधी छान चढण मिळते. पलीकडे सगळं थंड.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे वळीव. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर सगळीकडे पसरते. ढग अजून काही किलोमीटर दूर असताना, आपल्या डोक्यावर ऊन असताना, हा झोत येऊन पोचू शकतो. धुळीची भिंत दिसली तर तेवढीच सूचना. या एका बाबतीत क्लबांमध्ये चर्चा होत नाही. ढग उभा राहताना दिसला की विमानं खाली आणतात आणि बांधतात.

## सुरुवात विंचवर

हडपसरसारख्या ठिकाणी ग्लायडर वर जातं ते विंचने. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या इंजिनाचं यंत्र असतं, ते लांब केबल वेगाने गुंडाळतं, आणि केबलच्या टोकाला अडकवलेलं ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडून तीव्र चढ घेतं. केबलच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या भागाइतकी उंची मिळाली की वैमानिक केबल सोडतो.

समोरून वारा असेल तर इथे फायदाच होतो. विंचला कमी ओढावं लागतं आणि उंची जास्त मिळते. पण वर जाता जाता वाऱ्याचा वेग वाढत असतो, त्यामुळे हवेतला वेगही वाढतो आणि मर्यादेच्या वर जाऊ शकतो. झोताच्या दिवशी तो सारखा वरखाली होतो. विंच चालवणारा माणूस शेकडो मीटर लांब बसून पंखांच्या हालचालीवरून आणि इशाऱ्यांवरून हे ओळखतो आणि इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो. या माणसाचं कौशल्य बाहेरच्या कुणाला दिसत नाही. माझ्या मते अवघड दिवशी पहिला भरवसा त्याच्यावरच असतो.

केबलमध्ये मुद्दाम एक कमजोर दुवा बसवलेला असतो. झोताने ताण फार वाढला तर पंखांना इजा होण्याआधी तो दुवा तुटतो. तुटला की ग्लायडर नाक आकाशाकडे केलेल्या अवस्थेत, ओढ नसलेलं, वेग हरवत चाललेलं असतं. त्या क्षणी पहिलं काम एकच: नाक खाली, आणि वेग सुरक्षित झाल्याचं यंत्रावर दिसेपर्यंत दुसरं काहीही नाही. वळायचं की सरळ उतरायचं हे नंतर. विद्यार्थ्याला एकट्याने उडू देण्यापूर्वी इन्स्ट्रक्टर हा प्रसंग त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात, बऱ्याचदा न सांगता.

वारा आडवा असेल तर सोडलेली केबल छोट्या पॅराशूटसह तरंगत बाजूला वाहून जाते. हडपसरभोवती आता दाट वस्ती आहे, त्यामुळे ही गोष्ट किरकोळ राहत नाही. चढतानाच वैमानिकाला वारा जिकडून येतो तिकडे थोडं झुकून जावं लागतं, म्हणजे केबल मैदानातच पडेल.

## वर गेल्यावर वाहून जाण्याचा धोका

थर्मलमध्ये गोल फिरताना ग्लायडर हवेच्या थराबरोबर सरकत असतं. ३० च्या वाऱ्यात दहा मिनिटं फिरलात तर पाच किलोमीटर दूर गेलात. उंची मिळत असल्याने मन खूश असतं, व्हेरिओमीटर चिरकत असतं आणि मैदान लहान लहान होत जातं. परत यायचं म्हणजे त्याच वाऱ्याविरुद्ध, आणि वाटेत उतरती हवा.

म्हणून जोराच्या वाऱ्यात क्लबात एक शिस्त असते. मैदानाच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूलाच राहायचं. तिकडून परत येणं सोपं असतं. शिकाऊ वैमानिकाला वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊच देत नाहीत.

## उतरताना: सगळ्यात महत्त्वाचे तीस मीटर

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा.

जमिनीलगत वारा कमी असतो. घरं, झाडं, खुद्द जमिनीचा खडबडीतपणा त्याला अडवतो. ३० मीटरवर ताशी ३० असलेला वारा जमिनीजवळ १० असू शकतो. वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरणारं ग्लायडर हे तीस मीटर दहा सेकंदांच्या आत पार करतं. म्हणजे त्याचा समोरचा २० चा वारा दहा सेकंदांत नाहीसा झाला. डेक्कन क्वीनचा ब्रेक तो हाच.

आकडे बघा. वैमानिक नेहमीच्या ९० च्या वेगाने उतरत होता. २० गेले. उरले ७०, म्हणजे अगदी स्टॉलच्या रेषेवर. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ९० चे ७० झाले की तेवढ्याच कोनात पंखांची उचल साठ टक्क्यांवर येते. विमान खाली बसू लागतं, सहजप्रवृत्तीने हात नाक वर ओढतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

यावर जगभर वापरला जाणारा साधा नियम आहे: उतरण्याच्या नेहमीच्या वेगात समोरच्या वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा. इथे ९० अधिक १५, म्हणजे १०५. आता २० गेले तरी ८५ उरतात. झोत असतील तर त्यासाठी आणखी थोडे. हा जादा वेग आधीच, उंची शिल्लक असताना, नाक खाली घालून साठवायचा असतो. शेवटच्या दहा मीटरवर तो कुठूनही मिळत नाही.

याच कारणाने शेवटचं वळण उंचावर पूर्ण करतात. १७ मीटरचे पंख ४५ अंशात कलले की दोन टोकांच्या उंचीत १२ मीटरचा फरक पडतो. वरचं टोक जास्त वाऱ्यात, खालचं कमी वाऱ्यात. वाऱ्याकडे वळत असताना वरचं टोक जास्त उचललं जातं आणि विमान आणखी कलू लागतं, तेही जमिनीजवळ.

आडव्या वाऱ्यात उतरायच्या दोन रीती आहेत. पहिलीत नाक वाऱ्याकडे थोडं तिरपं ठेवून धावपट्टीच्या रेषेवरून सरकत यायचं आणि टेकण्याच्या क्षणी सरळ करायचं. दुसरीत वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून, पायाने उलट रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) देऊन, नाक सरळ पण अंग तिरकं असं यायचं. याला स्लिप म्हणतात, आणि जास्तीची उंची पटकन संपवायलाही ती वापरतात. कॉकपिटच्या काचेबाहेर चिकटवलेला लोकरीचा छोटा धागा अशा वेळी आडवा होतो आणि हवा कुठल्या बाजूने येतेय ते सांगतो.

ही स्लिप किती कामाची आहे याचं उदाहरण एका प्रवासी विमानाने घालून दिलं. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मधलं इंधन मापनाच्या एककांच्या घोळामुळे ४१,००० फुटांवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पीअरसन हे ग्लायडरही उडवत असत. गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीकडे येताना विमान फार उंच होतं, आणि परत फिरायला इंजिन नव्हतं. पीअरसन यांनी ते प्रचंड विमान स्लिपमध्ये घातलं, उंची संपवली आणि उतरवलं. विमानातले सगळे वाचले.

## ‘वाऱ्याकडे पाठ करून वळलं की विमान पडतं’ हे खरं का?

जुने जाणते लोकही हे सांगताना आढळतात. स्थिर वाऱ्यात हे खरं नाही. डब्यात मागे वळल्याने तुम्ही पडत नाही, तसंच. हवेतला वेग वळणामुळे बदलत नाही.

पण अपघात होतात हेही खरं, आणि त्याचं कारण डोळ्यात असतं. कमी उंचीवर वाऱ्याबरोबर उडताना जमीन भराभर मागे पळते. वेग फार झालाय असं वाटतं. वैमानिक नकळत नाक वर ओढतो, हवेतला वेग घटतो, आणि त्यात वळण सुरू असेल तर स्टॉल आणखी लवकर येतो. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच: जमिनीकडे बघून वेगाचा अंदाज करायचा नाही, यंत्र बघायचं.

## ‘मग सरळ एक इंजिन का बसवत नाहीत?’

काही ग्लायडरना छोटं इंजिन असतं, आणि लांबच्या प्रवासात ते उपयोगी पडतं. पण वर सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक शेवटच्या काही सेकंदांतल्या आहेत. घडी घातलेलं इंजिन बाहेर काढून सुरू करेपर्यंत तो वेळ गेलेला असतो.

शिवाय लोकांना वाटतं तितकं ग्लायडर हताश नसतं. पंखांवर एअरब्रेक असतात, म्हणजे वर उघडणाऱ्या पट्ट्या. त्या उघडल्या की उतार तीव्र होतो, मिटल्या की सपाट. त्यामुळे वैमानिक मुद्दाम थोडा उंच येतो, अर्धे एअरब्रेक उघडून, आणि दोन्हीकडे जागा राखून ठेवतो. समोर अनपेक्षित उतरती हवा आली तर ते मिटतो. परत फिरून दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही हे खरं, पण म्हणूनच पहिला प्रयत्न नीट आखला जातो.

## ‘पॅराग्लायडिंग हेच ना?’

कामशेतला डोंगरावरून उडतात ते पॅराग्लायडिंग. तिथे पंख कापडाचा असतो आणि नेहमीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. ३० च्या वाऱ्यात पॅराग्लायडर जवळपास जागच्या जागी थांबतो, आणि झोताने कापडी पंख मिटूही शकतो. ग्लायडरचे पंख ताठ असतात आणि वेग दुपटीहून जास्त. म्हणून वाऱ्याच्या मर्यादा दोन्हींच्या वेगळ्या. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

## ‘पण जोराच्या वाऱ्यातच विक्रम झालेत की!’

झालेत, आणि ते वाचताना वारा कुठला होता ते बघायला हवं. २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑरविल राइट अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सवर जोरदार वाऱ्यात ग्लायडरने ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला. वाळूच्या टेकडीवर समुद्राकडून येणारा वारा आदळून वर वळत होता आणि त्या चढत्या हवेत तो तरंगत होता. मोठ्या पर्वतरांगांच्या मागे हवेच्या प्रचंड लाटा तयार होतात. त्यांत गुळगुळीत, तासन्‌तास टिकणारी चढण मिळते. २१ जानेवारी २००३ रोजी क्लाउस ओलमान अँडीजच्या अशा लाटांवर ३,००९ किलोमीटर उडाला. सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनातून उडालेलं पर्लान-२ हे ग्लायडर अशाच लाटांवर ७६,००० फुटांच्या वर गेलं.

या सगळ्यांत वारा जोराचा होता, पण त्याला आकार होता. लाटेच्या खाली मात्र हवेचे लोळ फिरत असतात आणि तिथून पार होताना विमान भयंकर आदळतं. त्याच डोंगरामागे, थोड्याशा उंचीच्या फरकाने, उत्तम आणि अत्यंत वाईट हवा एकावर एक असते.

दुपारी मैदानाच्या कडेला असलेल्या इमारतींमागेही तसेच लोळ तयार होतात, छोट्या प्रमाणात. हडपसरभोवती पूर्वी शेतं होती. आता भिंती आणि मजले आहेत. शहर वाढलं की उतरायला मोकळी रानं उरत नाहीत आणि मैदानावरचा वाराही तुटतो. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे आपल्या नागरी उड्डयन खात्याने स्वतःच्या आरेखनाची ग्लायडर बनवली. अश्विनी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर, आर्द्रा, अशी त्यांची नक्षत्रांवरून नावं. या देशात ही विद्या घडवून आणण्यासाठी लोकांनी एवढं काम केलं. तिच्यासाठी शहरालगत एक मोकळं मैदान राखणं ही फार मोठी मागणी नाही.

## उडायचं की नाही, हे कसं ठरतं?

वाऱ्याच्या एका आकड्यावरून ठरत नाही. झोत आणि सरासरी यांत फरक किती, वारा धावपट्टीशी किती कोनात, पुढच्या दोन तासांत काय बदलणार, आणि समोर बसलेला वैमानिक कोण, हे सगळं एकत्र बघतात. ३० चा वारा धावपट्टीशी ३० अंशात असेल तर आडवा भाग १५ चाच असतो. काटकोनात असेल तर पूर्ण ३०. त्यामुळे एकच वारा एका मैदानावर चालतो, दुसऱ्यावर नाही.

एकट्याने उडणारे विद्यार्थी सगळ्यात आधी थांबवले जातात. मग नवशिक्यांची इन्स्ट्रक्टरबरोबरची उड्डाणं, कारण अशा हवेत ते शिकत काहीच नाहीत, नुसते धरून बसतात. अनुभवी लोक शेवटी थांबतात, आणि चांगल्या क्लबात ते स्वतःहून थांबतात. एखाद्या ज्येष्ठाने ‘आज नको’ म्हटलं की कुणी त्याला कारण विचारत नाही, ही मला या खेळातली सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

थांबल्यावरही काम संपत नाही. ७० च्या वेगाला उडणारं विमान ७० च्या झोतात उभ्या उभ्या उडू शकतं, आत कुणी नसताना. म्हणून जोराच्या वाऱ्यात ग्लायडर ढकलून नेताना वाऱ्याकडच्या पंखाचं टोक माणूस धरतो आणि ते खाली राखतो. एअरब्रेक उघडे ठेवतात, म्हणजे पंख उचल धरत नाहीत. उभं करायचं तर वाऱ्याकडच्या पंखावर वजन ठेवतात, कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरची काच बंद करून कडी लावतात, आणि वळवाची चिन्हं असतील तर सरळ हँगरमध्ये नेतात. नवीन आलेल्या मुलाला क्लबात पहिल्या दिवशी हातात दिलं जातं ते हेच पंखाचं टोक.